हिरवी पावडर आणि मी फेकलेल्या गोळ्या

पहिल्यांदा मला टीबी झाला त्यात माझी काही चूक नव्हती. असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं आणि ते ऐकून मला बरं वाटलं होतं. दुसऱ्यांदा झाला तेव्हा असं कोणी म्हणालं नाही. म्हणायला नकोच होतं.

हे मी कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लिहितो आहे. आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, आजाराशी कसा लढलास ते लिही, दुसऱ्या मुलांना धीर येईल. मी हो म्हणालो. घरी येऊन वही उघडली तेव्हा लक्षात आलं, की ‘लढलो’ म्हणावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. तरी लिहितो. कुणी गोळ्या सोडायच्या विचारात असेल तर त्याने तरी हे वाचावं.

कळलं तो दिवस

मी बुलढाण्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या औषधासाठी गावीच राहतो. आमचं गाव लोणार तालुक्यात, सुलतानपूरच्या पुढे. बाबा गवंडीकाम करतात, माय त्यांच्याच हाताखाली विटा-माल देते. मोठी बहीण प्रज्ञाताई बारावी झाली आणि खामगावला दिली. कॉलेजात जाणारा घरातला पहिला मी. त्यामुळे घरात आलेला प्रत्येक छापील कागद माझ्याकडे येतो. लाइट बिल, रेशनचा फॉर्म, औषधाची डबी, कुकरबरोबर आलेलं माहितीपत्रक. ‘सुमेधनं वाचलं’ म्हटलं की विषय संपतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तीन आठवडे खोकला होता. बुलढाण्याची थंडी बाधली असेल असं वाटलं. मग एकदा प्रॅक्टिकल चालू असताना रुमालावर रक्त दिसलं. थुंकी तपासली, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, “टीबी आहे. फुप्फुसाशेजारी थोडं पाणीही झालंय.”

मी विचारलं, “सर, कॉलेज बंद होईल का?”

ते हसले. “सहा महिने गोळ्या घे. एकही दिवस चुकवायचा नाही. कॉलेज कुठं पळून जात नाही.”

बाबा घ्यायला आले. स्टँडवर त्यांनी माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि गाव येईपर्यंत मांडीवर ठेवली. मेहकरला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, “मायसमोर रडू नको बरं. ते लय घाबरली हाय.” मी रडत नव्हतो. डोळे त्यांचे भरलेले होते.

मग पाणी काढायला पाच दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात, वॉर्डात होतो. सकाळी सहाला फिनाइलचा वास, मग सिस्टरची हाक. तिथं कुणाला नाव नसतं, खाटेचा नंबर असतो. मी अकरा होतो. बाराव्या खाटेवर चिखलीकडचे एक म्हातारे होते. गोळ्यांची वेळ झाली की म्हणायचे, “चला अकरा नंबर, जंतूंले नाश्ता देऊ!” माझ्या हाताला सलाईन असायची म्हणून सकाळचं उकडलेलं अंडं तेच सोलून द्यायचे आणि टरफलं कागदात बांधून ठेवायचे, झाडणाऱ्या बाईंना त्रास नको म्हणून. त्या पाच दिवसांची मला अजिबात लाज वाटत नाही. मी तेव्हा नुसताच आजारी होतो.

वंदनाकाकू

आमच्या गल्लीच्या आशा कार्यकर्त्या म्हणजे वंदनाकाकू. चार घरं सोडून राहतात. दोन लेकरं झाल्यावर दहावीची परीक्षा दिली, पास झाल्या. माझ्या गोळ्या त्यांच्याकडे यायच्या. दर आठवड्याला पट्टी द्यायच्या, जुनी रिकामी पट्टी परत घ्यायच्या आणि कार्डावर खूण करायच्या. मायनं सुरुवातीला माझं ताट-पेला वेगळं ठेवलं होतं. काकूंनी ते पाहिलं आणि माझ्याच पेल्यातून पाणी मागून प्याल्या. “थुंकी झाकून ठेव, खोकतानी रुमाल धर, गोळ्या खाय. भांड्यानं काही होत नाही वो बाई,” असं मायला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माझं ताट सगळ्यांच्या ताटांत मिसळलं.

दोन महिन्यांनी थुंकी साफ आली. वजन वाढलं. पण गोळ्यांची मळमळ जात नव्हती. सकाळी गोळ्या घेतल्या की दुपारपर्यंत तोंडाला गंजलेल्या लोखंडाची चव यायची. पुस्तक उघडलं की अक्षरं हलायची. अजून चार महिने उरले होते.

पडद्यावरचा शब्द

परीक्षेसाठी बुलढाण्याला गेलो तेव्हा कॉलेजातला एक सीनियर मला एका मंगल कार्यालयातल्या कार्यक्रमाला घेऊन गेला. ‘आरोग्य आणि करिअर’ असं काहीतरी होतं. टाय घातलेले एक सर बोलत होते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: फ्री रॅडिकल्स. त्याखाली इलेक्ट्रॉनचं चित्र.

मागच्याच आठवड्यात मी केमिस्ट्रीच्या वहीत तेच चित्र काढलं होतं.

मला ते कसं वाटलं हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजमधला एकही शब्द कधी कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. आणि इथं दोनशे लोकांत तो शब्द मला येत होता. सर म्हणाले, शरीरात हे फ्री रॅडिकल तयार होतात, पेशी खराब करतात, आणि आमच्या पावडरीतले वनस्पतीजन्य अँटिऑक्सिडंट त्यांना निकामी करतात. आवळा, हळद, ग्रीन टी, शेवगा. शंभर टक्के नैसर्गिक. त्यातलं रसायनशास्त्र पुस्तकात होतं तसंच होतं, म्हणून मी पुढचंही सगळं खरं धरलं. टीबी जंतूने होतो आणि जंतू मारावा लागतो, हेही मी पुस्तकातच वाचलं होतं. ते मला त्या दिवशी आठवलं नाही. किंवा आठवून घ्यायचं नव्हतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. गोळ्या सोड, असं त्या सरांनी म्हटलं नाही. “केमिकल औषधं शरीरात विष साठवतात,” एवढंच म्हणाले. बाकीचा निष्कर्ष माझा.

पावडरीचा एक डबा विकत घेऊन घरी आणला. मायनं झाकण उघडून वास घेतला.

“हा तं शेवग्याचा पाला हाय रे वाळवलेला!”

“माय, ते वेगळं असते. प्रोसेस केलेलं.”

“असंन बा. परसात झाड हाय आपल्या, त्याले कोणी डब्यात घालत नाही.” मग तिनं डबा माझ्याकडे केला. “काय लिव्हलं, वाच बरं.”

मी वाचून दाखवलं. इंग्रजीतून वाचलं आणि मराठीत सांगितलं. सांगताना डब्यावर होतं त्यापेक्षा थोडं जास्तच सांगितलं. बाबा म्हणाले, “कामाची चीज दिसते.” विषय संपला.

वंदनाकाकूंनाही दाखवला. त्यांनी विचारलं, यानं काय होते? मी म्हणालो, “काकू, तुम्हाले फ्री रॅडिकल मालूम हाय का?”

“नाही बा. सांग.”

मी त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर इलेक्ट्रॉन काढून दाखवला. त्या चष्मा लावून लक्ष देऊन ऐकत होत्या, जसं कुणी मास्तरांचं ऐकतं. शेवटी म्हणाल्या, “चांगलं हाय. पण गोळी चालू ठेवजो सुमेध.”

“हाव काकू,” मी म्हणालो.

दुसऱ्या सकाळपासून मी पट्टीतून तीन गोळ्या काढायचो, परसातल्या संडासात टाकायचो आणि वरून बादली ओतायचो. मग एक चमचा हिरवी पावडर कोमट पाण्यात. चार दिवसांत मळमळ गेली. मला वाटलं पावडरीचा गुण आला. गोळ्या थांबल्या म्हणून मळमळ थांबली, हे समजायला बी.एस्सी. लागत नाही.

काकू यायच्या, रिकामी पट्टी घ्यायच्या. या गोळ्यांनी लघवी लालसर होते, म्हणून विचारायच्या, “लाल होते नं?” मी म्हणायचो, “हाव.”

ताईचे सासरे

ताईला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी रीत. पण माहेरी टीबीचा पेशंट. तिचे सासरे स्वतः पाहायला आले. वंदनाकाकूंना बोलावून घेतलं.

“बाई, पोरीले इथं ठेवायचं म्हणतो. तुम्ही जबाबदारी घेता का?”

“घेते नं भाऊ. दोन महिन्याचा कोर्स झाला, थुंकी साफ आली. रोजच्या गोळ्या मी सोता पाह्यते. गोळ्या चालू हायेत तोवर कोणाले काही धोका नाही.”

“पक्कं?”

“पक्कं.”

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. तेव्हा गोळ्या फेकायला लागून तीन आठवडे झाले होते. मी आत गेलो आणि सगळ्यांना चहा दिला. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “काय सायंटिस्ट, तब्येत कशी?”

“एकदम चांगली,” मी म्हणालो.

या आजारपणातला सगळ्यात वाईट क्षण कुठला, असं मला कुणी विचारलं तर रक्त दिसलं तो नाही. हा.

ताई आली. मुलगा झाला. दोन खोल्यांचं घर, आतल्या खोलीत बाळंतीण, बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं. मध्ये दाराच्या जागी साडीचा पडदा. बाळाला शेक दिल्यावर माय त्याला माझ्याकडे द्यायची. “घे, मामा झाला नं तू, धर.” तो माझ्या बोटाला धरून माझ्याकडे बघत बसायचा, म्हणजे दिव्याकडे बघायचा, पण मला वाटायचं माझ्याकडे.

पिशवी

खोकला परत आला. मी परसात जाऊन खोकायचो. एका सकाळी वंदनाकाकू बाळाचं वजन करायला आल्या होत्या. झोळीचा काटा हातात घेऊन उभ्या असताना त्यांनी मागून आवाज ऐकला. बाळाला तसंच ताईकडे दिलं आणि परसात आल्या.

“कवापासून?”

“कालपासून.”

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. “उद्या सकाळची पहिली थुंकी. मी सोबत येते.”

थुंकीत जंतू निघाले.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमसमोर आम्ही सगळे होतो. बाबा, बाळाला घेऊन ताई, तिचे सासरे खामगावहून आलेले, आणि वंदनाकाकू. सासरे काकूंनाच बोलत होते. “तुम्ही पक्कं म्हणाल्या होत्या. तुमच्या शब्दावर पोरीले ठेवलं. सरकारी गोळ्यात दम नाही, का तुमच्या पाह्यण्यात?”

काकूंनी खांद्यावरची कापडी पिशवी काढली आणि टेबलावर उलटी केली. माझ्या रिकाम्या पट्ट्या. सगळ्या. रबर लावून, प्रत्येक गड्डीवर आठवडा लिहून ठेवलेल्या.

“मॅडम, एकबी गोळी बाकी नाही,” त्या म्हणाल्या. “मी मोजून घेतल्या.”

मॅडमनी एक पट्टी उचलून पाहिली. मग माझ्याकडे वळल्या. “हे बघ, या जंतूंवर गोळ्या चालतात का, तो मशीनचा रिपोर्ट येईलच. पण मला आत्ता ठरवायचंय. तू सगळ्या गोळ्या खाऊनही टीबी उलटला असेल, तर तो गोळ्यांना न जुमानणारा टीबी असू शकतो. मग या बाळाचा विचार वेगळा करावा लागेल. सगळ्या घेतल्यास ना?”

बाळ ताईच्या खांद्यावर झोपलेलं होतं. टोपी कानावर आली होती.

“नाही,” मी म्हणालो.

“किती चुकल्या?”

“परीक्षेहून आलो तेव्हापासून... म्हणजे तिसऱ्या महिन्यापासून एकही नाही घेतली. फेकून दिल्या.”

“का रे?”

मी पावडरीचं सांगितलं. त्या खोलीत अँटिऑक्सिडंट हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळली. मॅडम रागावल्या नाहीत, ते बरं झालं की वाईट, कळत नाही. म्हणाल्या, “आवळा खा, शेवगा खा, चांगलंच आहे, अन्न आहे ते. जंतू मारणं हे त्याचं काम नाही. आणि असल्या पावडरी गोळ्यांबरोबरसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात, लिव्हरला सोसलं पाहिजे.”

सासरे म्हणाले, “शिकेल पोरगा हाय म्हणत होते.”

बाबा खुर्चीवरून उठले. का उठले ते त्यांनाही कळलं नसावं. मॅडमला म्हणाले, “आम्हाले वाटलं मॅडम, त्याले समजते. आमच्यात त्यालेच समजते.”

वंदनाकाकू पट्ट्या पिशवीत परत भरत होत्या. एकेक गड्डी. मला वाटत होतं त्यांनी मला एक थापड मारावी. त्यांनी पिशवीचा बंद बांधला आणि व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

नळी

एवढ्याशा बाळाला थुंकी काढता येत नाही. त्यासाठी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात. त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती केलं. पहाटेपासून दूध द्यायचं नव्हतं. मला मास्क लावून लांब बसवलं होतं. आतून त्याचा आवाज येत होता. आधी भुकेचा, मग नळीचा. दोन्ही वेगळे असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

ताई बाहेर आली. चार हात अंतर ठेवून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पदर ओला झाला होता, दुधाने.

“मी तुले बिमारीचं नाही बोलत, सुम्या. बिमारी कोणालेबी होते. एक सांग. माह्या पोराले तू हातात घेत होता, तवा तुले खोकला होता का?”

“नाही ताई. खोकला नंतर लागला.”

तिनं मान हलवली आणि आत गेली.

बाळाला टीबी निघाला नाही. फोटो साफ, पाणी साफ. पण पुढे होऊ नये म्हणून त्याला सहा महिने रोज एक गोळी, चुरून, पाण्यात कालवून. माझ्या जंतूंवर गोळ्या चालतात असा रिपोर्ट आला, तेही नशीबच. मला पहिल्यापासून सुरुवात. ताई दवाखान्यातून परस्पर खामगावला गेली. तिचे कपडे बाबांनी नंतर नेऊन दिले.

मी वंदनाकाकूंच्या घरी गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणालो, काकू, पट्टी घरी देऊ नका, मी रोज इथं येऊन तुमच्यासमोर घेतो. त्यांनी बराच वेळ खडे वेचले. मग आत जाऊन पट्टी आणि तांब्या आणला. मी गोळ्या गिळल्या.

“तोंड उघड,” त्या म्हणाल्या.

मी उघडलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. “जीभ वर कर.” मी केली. शेजारची दोन बायामाणसं पाहत होती. मग काकू परत तांदळाकडे वळल्या. आता पाचवा महिना चालू आहे. काही दिवसांपासून त्या तोंड उघडायला सांगत नाहीत. मीच उघडतो.

त्रासाचं म्हणाल तर मळमळ याही वेळी झाली. डॉक्टर मॅडमना सांगितलं, त्यांनी जेवणाची वेळ बदलली, एक साधी गोळी वाढवली. आठवड्यात कमी झाली. पहिल्या वेळीही एवढंच करायचं होतं. मळमळ होते असं मी काकूंना किंवा डॉक्टरांना एकदाही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, शिकलेल्याने स्वतःच उपाय शोधायचा असतो.

इथपर्यंत लिहून थांबलो होतो

लेख मराठीच्या मॅडमना द्यायच्या आधी मी तो परत वाचला आणि बाकावरच्या ताईच्या प्रश्नाशी येऊन थांबलो. तिला मी जे उत्तर दिलं ते खोटं आहे. खोकला आधीच लागला होता. थोडाच होता, कोरडा, पण होता. मी परसात खोकून, तोंड धुऊन आत यायचो आणि माय बाळ पुढे करायची, तेव्हा हात मागे घेता येत नव्हते. घेतले असते तर का, असं तिनं विचारलं असतं.

हे छापून यायच्या आधी ताईला कळायला हवं होतं. आज सकाळी फोन केला. एरवी ती मायशीच बोलते. मी म्हणालो, “ताई, त्या दिवशी मी खोटं बोललो. बाळाले घेत होतो तवा खोकला होता मले.”



“किती दिवस?” तिनं विचारलं.

“चार.”

“चार दिवस घेतलं त्याले?”

“हाव.”

मग म्हणाली, “त्याच्या गोळीची येळ झाली.”

तिनं फोन बंद केला नाही, कुठेतरी ठेवला. वाटीत चमच्याने गोळी चुरल्याचा आवाज आला. मग पाणी. मग “आ कर, आ कर माह्या राजा,” आणि बाळाचं रडणं, थुंकणं, आणि परत तिचं “अजून थोडी राह्यली, बस एवढीच.” मी फोन कानाला धरून होतो. गोळी संपेपर्यंत धरून होतो.